ठोक्याच्या आधी, ठोक्याच्या नंतर

गेल्या दिवाळीत चोरखमाऱ्याला घरी गेलो, तर मोठेबाबांनी देवघरातून एक कागदाची पुडी आणून माझ्या हातात ठेवली. आत दहाचं नाणं. "पाय बरं, तू इंजिनिअर आहेस. याचे किती येतील?"

नाणं विचित्र होतं खरं. दहाचं नाणं दोन धातूंचं असतं, बाहेर पिवळं कडं आणि मध्ये पांढरी चकती. या नाण्याची मधली चकती उलटी बसली होती. ज्या बाजूला कड्यावर रेघा, त्याच बाजूला मध्ये अशोकस्तंभाचे सिंह. मोठेबाबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. असल्या नाण्याला म्हणे पाच लाख मिळतात. व्हिडिओखालच्या नंबरवर त्यांनी फोन केला, फोटो पाठवला, आणि पलीकडच्या गोड बोलणाऱ्या माणसाने 'रजिस्ट्रेशन'चे अठराशे रुपये मागवून घेतले. आता तो 'टॅक्स'चे साडेसात हजार मागत होता. धान विकून आलेल्या पैशातून ते द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक होता. आणि एवढ्यावर भागत नव्हतं. आजीच्या डब्यातले चांदीचे जुने रुपयेही याच माणसाला दाखवायचे ठरले होते. त्यासाठी ते सोनाराकडून ॲसिडमध्ये घालून चकचकीत करून आणायचे होते.

साडेसात हजार थांबवायला एक मिनिट पुरलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही, आणि बँकेच्या नावाने कुणी शुल्क, कमिशन किंवा कर मागत असेल तर देऊ नका. ते वाचून दाखवल्यावर मोठेबाबा गप्प झाले. पण थोड्या वेळाने त्यांनी जे विचारलं, ते मला अडवणारं होतं. "बरं, तो चोर असेल. पण नाणं तर खरं आहे ना? सरकारनं चुकवलेलं?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पुढचे काही महिने नाण्यांबद्दल जे वाचलं, पाहिलं, वजनकाट्यावर ठेवलं, ते या एका प्रश्नापायी.

आमच्या धंद्यात बग आला की पहिला प्रश्न असतो, हा मुळात कोडमध्ये होता की नंतर कुणी सर्व्हरवर हात घातला? नाण्याचंही तेच आहे. टांकसाळीत ठसा चकतीवर आदळतो आणि उचलला जातो, तो क्षण ही सीमारेषा. त्याच्या आधी किंवा त्या क्षणी जे बिघडलं ती टांकसाळीची चूक. त्यानंतर जे झालं ती जखम. पहिलीला संग्राहक पैसे मोजतात, दुसरीला सहसा कुणी विचारत नाही. वाचायला सोपं वाटतं. गंमत अशी की आपल्याकडची दोन हजार वर्षांची नाणी या रेषेवर नीट बसतच नाहीत.

सुरुवात नाशिकपासून करू. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठच्या जोगलथेंबी गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे सव्वातेरा हजार नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक लिपीतली अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर राजाच्या चेहऱ्यावरच आणखी एक ठसा मारलेला होता. तीन कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह. या खुणा गौतमीपुत्र सातकर्णीच्या. नहपानाचा पाडाव केल्यावर त्याने शत्रूचं चलन वितळवलं नाही, त्याच्यावरच आपली मोहोर उठवली. कुठे नहपानाचं नाक डोंगराखालून डोकावतं, कुठे नुसता कान उरलाय.

आजच्या एखाद्या व्हिडिओवाल्याला हे नाणं दाखवलं तर तो 'डबल छाप, दुर्मीळ एरर' म्हणून ओरडेल. ही चूक नाही. नहपानाच्या बाजूने पाहिलं तर ठोक्यानंतर केलेली मोडतोड आहे, सातकर्णीच्या बाजूने पाहिलं तर टांकसाळीचं रीतसर काम आहे. आणि इतिहासाच्या बाजूने पाहिलं तर कुणी कुणाला हरवलं याचा हा धातूत कोरलेला पुरावा आहे. नहपान आणि गौतमीपुत्र यांचा काळ एकमेकांना किती लागून होता, हे सांगताना अभ्यासक या साठ्याकडे बोट दाखवतात ते यासाठीच. त्या नाण्यांवरची 'घाण' कुणी साफ केली असती तर?

त्याहून जुनी आहत नाणी घ्या. चांदीचा तुकडा कापायचा, वजनाला बरोबर करण्यासाठी कोपरा छाटायचा, आणि वेगवेगळ्या छोट्या ठशांनी एकेक चिन्ह ठोकायचं. सूर्य, चक्र, प्राणी, झाड. साधारण पाच चिन्हं, आणि पाचही पूर्ण उमटलेलं नाणं सहज मिळत नाही. छाटलेला कोपरा हा इथे दोष नाही, ती बनवायची पद्धतच आहे. मागच्या बाजूला मात्र आणखी बारीक खुणा दिसतात. त्यातल्या अनेक नंतरच्या आहेत. नाणं हातात आल्यावर सराफाने ते पारखलं आणि 'मी बघितलं, ठीक आहे' असं म्हणत आपला छोटा ठसा मारला.

सराफांची ही सवय पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं टिकली. मोगल आणि मराठी रुपयांवर बारीक फुलं, टिंबं, चांदण्या ठोकलेल्या दिसतात, कधी छिन्नीचा खोल घाव दिसतो. आत तांबं तर नाही ना, हे पाहायला मारलेला तो घाव. कारण बाजारात एकच रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी, हाली, आमच्याकडे भोसल्यांचा नागपुरी, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. रुपया जुना, झिजलेला किंवा परमुलखातला असेल तर सराफ किंमत कापून घ्यायचा. त्या कपातीला म्हणायचे बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण अजून म्हणतो, तो बट्टा हाच. नाणं वाजवून पाहणं, खणखणीत नाणं, खोटा पैसा, आपल्या भाषेतला हा सगळा माल सराफाच्या पेढीवरून आलाय.

तेव्हा त्या काळच्या रुपयावरच्या जखमा म्हणजे त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के. संग्राहक त्यांना आजही 'खराबी' म्हणतात आणि किंमत कमी करतात. मला विचाराल तर हा अन्याय आहे, पण बाजार माझ्या मताने चालत नाही.

हाताने पाडलेल्या नाण्यांबाबत आणखी एक गैरसमज सारखा दिसतो. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असतं. पण हातात येणाऱ्या शिवरायांमध्ये कधी 'श्री'च गायब असतो, कधी शेवटचं अक्षर अर्धं असतं, कधी 'शिव'चा 'सिव' किंवा 'शीव' झालेला असतो. लोक त्याला एरर म्हणून विकायला काढतात. खालचा ठसा बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये तापवलेला तांब्याचा गोळा, आणि वरून हातोडा. ठसा बऱ्याचदा नाण्यापेक्षा मोठाच असायचा, म्हणजे सगळी अक्षरं उमटणार नाहीत हे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं. अक्षर कापलं जाणं हा अपघात नव्हता. आणि शुद्धलेखन? शिवराई शिवाजी महाराजांनंतरही खूप वर्षं, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कारागिरांनी पाडली. इंग्रजी अमदानीतही ती गावोगावी चालत होती. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम तेव्हा आजच्यासारखे घट्ट नव्हते. मराठी टांकसाळींमधल्या रुपयांवर तर मोगल बादशहाचं नाव फारसीत असायचं, आणि ठसा कोरणाऱ्या सोनाराला ती लिपी येत असेलच असं नाही. तो आधीच्या नाण्यावरून चित्र काढल्यासारखी अक्षरं उतरवायचा. प्रतीची प्रत काढता काढता अक्षरांचे नुसते फराटे झाले.

म्हणजे चूक म्हणायला आधी 'बरोबर' काय ते ठरलेलं असावं लागतं. प्रत्येक नाणं हुबेहूब दुसऱ्यासारखं निघालं पाहिजे, ही अपेक्षा आपल्याकडे वाफेच्या इंजिनाबरोबर आली. मुंबईच्या फोर्टमध्ये आजही उभी असलेली टांकसाळ १८२० च्या दशकात बांधली गेली. बॉम्बे इंजिनिअर्समधले जॉन हॉकिन्स यांनी ती उभारली, आणि यंत्रं आली ती वाफेच्या इंजिनवाल्या बोल्टन आणि वॉट यांच्याकडून. १८३५ मध्ये कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. सराफाचा बट्टा हळूहळू मेला तो इथून.

यंत्रातलं काम असं चालतं. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. मग चकती कडेने दाबून तिला उंच काठ आणतात. भट्टीत तापवून मऊ करतात. शेवटी ती दोन ठशांमध्ये येते, भोवती एक पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. ठसा दाबला की धातू पसरू पाहतो, कॉलर त्याला अडवते, म्हणून नाणं नेमकं गोल निघतं आणि कडेचे दातेही तिथेच उमटतात. हे दाते नुसते शोभेचे नाहीत. चांदीच्या नाण्याची कड कातरून चूर जमा करणाऱ्या लोकांवर तो पहारा होता. दाते गेले की कातरलेलं लगेच कळतं.

यातला प्रत्येक टप्पा चुकू शकतो, आणि चुकला की आपल्या पद्धतीची खूण सोडतो. कट झालेलं नाणं घ्या, चंद्रकोरीएवढा तुकडा गायब असलेलं. पट्टी नीट पुढे सरकली नाही आणि यंत्राने आधीच्या भोकावरच पुन्हा चकती कापली, तर असं होतं. पण हे झालं काठ दाबण्याच्या आधी. त्यामुळे तुकडा गायब असेल त्याच्या बरोबर समोरच्या बाजूचा काठही बसका राहतो, कारण दाबायच्या वेळी पलीकडून आधारच नव्हता. शिवाय तुटक्या भागाजवळची अक्षरं मोकळ्या जागेकडे ओघळल्यासारखी पसरतात. घरी कानसीने किंवा कात्रीने कापलेल्या नाण्यात यातलं काहीच नसतं. समोरचा काठ ठणठणीत, आणि अक्षर मध्येच सुरीने कापल्यासारखं. नाण्याच्या एका बाजूला केलेली लबाडी दुसऱ्या बाजूला कळते, हे मला फार आवडलं.

दुसरी खूण रेघांची. ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. जगात फिरताना पडलेला ओरखडा खोल असतो. बोटाचं नख फिरवलं तरी फरक कळतो. याला अपवाद आहे. ठसा पडताना मध्ये धागा किंवा तारेचा तुकडा आला तर टांकसाळीतही खोल रेघ उमटते. पण ओरखड्याने धातू नांगराच्या तासासारखा दोन्ही बाजूंना वर येतो, धाग्याच्या रेघेला तसे बांध नसतात.

आणि उलट्या चित्राचं नाणं. कधी एखादं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर तेच ठशाचं काम करतं. त्या चकतीवर आरशातल्यासारखं उलटं, खोलगट चित्र येतं. हे खरोखर दुर्मीळ. आता दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळा. उलटं चित्र त्यावरही येईल, पण मूळचं चित्र खाली चेपलेलं दिसेल आणि मागची बाजूही चपटी झालेली असेल. ॲसिडमध्ये टाकलेलं नाणं तर वजनकाट्यावरच पकडलं जातं. साबणाची वडी झिजावी तसं ते सगळीकडून सारखं झिजतं. ठसा सरकून अर्धंच उमटलेलं अस्सल नाणं मात्र वजनाला पूर्ण भरतं, कारण चकती पूर्णच होती.

आमच्या भागातल्या पोरांना यातला एक प्रयोग न शिकवता येतो. मुंबई-हावडा लाइन तिरोडा, गोंदियावरून जाते. लहानपणी मीही रुळावर रुपया ठेवलाय. गाडी गेली की तो गरम, पातळ, लंबुळका होऊन खडीत सापडायचा. त्याचंही वजन पूर्णच भरतं, पण अक्षरं सगळी एकाच दिशेने ताणलेली, रबरावर लिहून रबर ओढावं तशी. गावातल्या एकाने असलंच नाणं 'मोठ्या साइजचा मिसप्रिंट' म्हणून जपून ठेवलंय. मी काही बोललो नाही.

यंत्राच्या जमान्यातही सगळं वेगळेपण चूक नसतं. राणीच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे बारा वर्षं तसंच छापत राहिले. मग कोणता रुपया कोणत्या वर्षीचा हे कळावं म्हणून मुंबईच्या टांकसाळीने सालाजवळ आणि नक्षीतल्या फुलाजवळ बारीक टिंबं द्यायला सुरुवात केली. ती टिंबं म्हणजे टांकसाळीचं व्हर्जन नंबर. त्यांना 'डाग' समजून घासून काढणारे लोक आहेत. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती होता, तो इतका आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना डुक्कर वाटला. मुसलमानांमधून हरकती आल्या, रुपया थांबवावा लागला, आणि १९१२ च्या ठशात हत्तीला नीट सोंड मिळाली. चूक झाली ती कोरणाऱ्याच्या हातून, यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. असं नाणं एरर कॉइन म्हणायचं का? संग्राहक म्हणत नाहीत. आपल्याच काळात दहाच्या नाण्याचं काय झालं आठवा. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, अशी अफवा उठली आणि दुकानदार नाणी घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाची नाणी चौदा वेगवेगळ्या नक्षींत काढलेली आहेत आणि सगळी चालतात. चूक आणि प्रकार यातला फरक कळला नाही तर दिवसभर भाजी विकून आलेले पैसे खोटे ठरतात.

कायद्यालाही हा भेद करावा लागला होता. १९०६ च्या नाणे कायद्यात वापराने झिजून हलकं झालेल्या चांदीच्या नाण्यासाठी वेगळी तरतूद होती आणि लबाडीने खराब केलेल्या नाण्यासाठी वेगळी. म्हणजे सराफाचं काम कलमांत लिहून काढलं होतं. सध्याच्या २०११ च्या कायद्यात नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हाच गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद.

आता मोठेबाबांचं नाणं. दहाच्या नाण्यात कडं आणि मधली चकती एकमेकांत घट्ट बसतात ती ठशाच्या दाबानेच, म्हणजे जोडणं आणि छापणं एकाच ठोक्यात. त्या ठोक्यात वरच्या ठशाने एका बाजूचं सगळं चित्र उमटवलं, कडं आणि मधली चकती मिळून. मग त्याच बाजूला कड्यावर मागची नक्षी आणि मध्ये पुढचा सिंह एकाच वेळी येणारच कसे? त्यासाठी ठसाच अर्धा-अर्धा असायला हवा. चकती वाकडी बसू शकते, सरकू शकते, बसायचीच राहू शकते. छापून झाल्यावर उलटी होऊ शकत नाही. भिंग लावलं तर जोडावर बारीक चकाकते घाव दिसले, आणि सिंहाच्या डोक्यावर एक चपटा डाग. हातोडीचा.

हे सगळं मी होळीला घरी गेलो तेव्हा मोठेबाबांना सांगितलं. शेजारच्या बारा वर्षांच्या पोराने तोंडावर हात धरला. त्याने सायकलच्या दुकानात पाइपावर नाणं ठेवून मधली चकती ठोकून काढली होती, बोटात घालायला अंगठी हवी म्हणून. अंगठी मोठी झाली. आजी ओरडेल या भीतीने चकती परत ठोकून बसवली आणि नाणं किराणा आणायला खर्चून टाकलं. तिथून ते कसं फिरत आलं कोण जाणे. सात वर्षं कैदेचं कलम त्याला सांगितलं नाही.

आजीच्या डब्यात पाच रुपये निघाले. तीन राणीचे, दोन पंचम जॉर्जचे. पाचांच्याही काठावर चांदीच्या डागाची गाठ होती, दोघांवर अजून कडी शाबूत. ते कधीतरी माळेत ओवलेले होते. नाणेबाजाराच्या हिशेबाने पाचही 'खराब', चांदीच्या भावाच्या फार वर जाणार नाहीत. सोनाराने ॲसिडमध्ये घातले असते तर वर्षानुवर्षांची काळी झाक गेली असती.

मोठेबाबांनी एक रुपया उजेडाकडे धरला. एका बाजूची राणी जवळजवळ सपाट झाली होती, दुसऱ्या बाजूची अक्षरं मात्र स्पष्ट होती. मी म्हटलं, ही एकच बाजू झिजली आहे, म्हणजे बाजारात फिरून नाही झिजली. मग कशाने, ते मला सुचलं नाही. आजी खाटेवरूनच म्हणाली, "गळ्यात घातल्यावर ती बाजू अंगाला राहते."